आमच्या हॉलमधला स्पॅनिश क्लब

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खिडकीच्या जाळीत धूळ बसते तसे ते बसत जातात. रोज दिसत नाहीत, आणि एक दिवस जाळी काढून आपटली की अंगणभर होतात. माझ्या जाळीत जे काही आहे ते सगळं एका स्पॅनिश बास्केटबॉल क्लबचं आहे. मी अमरावतीत राहते, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, आणि आयुष्यात एकदाही चेंडू बास्केटच्या जाळीतून खाली पाडलेला नाही. तरी दर रविवारी सकाळी नऊ वाजता तो क्लब माझ्या हॉलमध्ये येऊन बसतो. गेली अकरा वर्षं!

क्लब म्हणजे तिघं. तायडे सर, तेल्हारा तालुक्यातल्या शाळेतून रिटायर झालेले पी.टी.चे शिक्षक, आता अमरावतीत स्थायिक. रफीकभाई, टायरचं दुकान, एक गुडघा निकामी, मतं मात्र शाबूत. आणि गजूभाऊ अकोल्याचे. पहाटेच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरतात, तिथून ऑटोनं येतात आणि चपला काढता काढताच अमरावतीला नावं ठेवायला सुरुवात करतात. तिघंही कॉलेजात शरदबरोबर खेळले. शरद माझा नवरा. तो दीड वर्षापूर्वी गेला. हे तिघं यायचे थांबले नाहीत.

आज हे सांगायला बसले त्याचं कारण जानेवारीत आलेला एक मेल. शरद त्या क्लबचा रीतसर मेंबर होता. क्लबला यादी तपासायची होती. मेंबर हयात असतील तर एप्रिलआधी तसं कळवा, नसतील तर तसं कळवा, आम्ही नाव कमी करू. दोन ओळींचं उत्तर. बँक, गॅस, विमा, वाचनालय, सगळ्यांना ते उत्तर देऊन झालं होतं. हे शेवटचं राहिलं होतं. पाठवायचं आणि मोकळं व्हायचं, एवढीच माझी इच्छा.

या तिघांनी मला तीन महिने ते पाठवू दिलं नाही!

*

मुळात शरद तिकडचा मेंबर झालाच कसा?

मिगेल नावाचा एक स्पॅनिश कोच शिबिरासाठी आठवडाभर अमरावतीत आला होता. शरदकडे व्यवस्था होती. पाहुण्याला हॉटेलचं तिखट झेपेना म्हणून शरदनं त्याला जेवायला घरी आणलं. आपल्या घरचं हॉटेलपेक्षा तिखट असतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मी गिला वडा केला होता. वर दही, त्यावर लाल चटणी. मिगेलनं एक खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं. मी ताट उचलायला गेले तर त्यानं हात आडवा धरला. पाच खाल्ले!

दुसऱ्या दिवशी शिबिरात तो खुर्चीवर बसून शिकवत होता आणि दर वीस मिनिटांनी सगळ्यांना सुट्टी देऊन स्वतः आधी धावत सुटत होता. खेळाडूंना वाटलं, युरोपची पद्धत असेल. तायडे सरांनी तर वहीत लिहून घेतलं, "दर वीस मिनिटांनी विश्रांती. प्रथम कोच जाईल."

ती पद्धत त्यांच्या शाळेत पुढे सहा वर्षं चालू होती.

मिगेलनं घरी पोचल्यावर आभार म्हणून शरदला आपल्या गावच्या क्लबचं मेंबर करून टाकलं. कार्ड आलं, गळ्यात घालायची पट्टी आली. मी शरदला म्हटलं, "वडे मी केले. कार्ड तुझ्या नावानं?"

"तुला बास्केटबॉल कुठे कळतं?" तो म्हणाला.

*

तिकडची मॅच शनिवारी होते, आम्ही ती रविवारी सकाळी रेकॉर्डिंग लावून बघतो. आता शिळी मॅच ताजी करून बघायची तर स्कोअर कळता कामा नये. म्हणून शरदनं नियम केला. आल्याबरोबर सगळे मोबाइल माझ्या कणकेच्या डब्यात. ज्याला स्कोअर आधीच माहीत आहे त्यानं व्हरांड्यात बसायचं. आत पाऊल ठेवायचं नाही.

आता त्या टीमचं नावसुद्धा बडनेऱ्यापासून भुसावळपर्यंत कोणाला ठाऊक नाही. गाडीत कोणी चुकून स्कोअर सांगेल अशी भीती शून्य. म्हणजे ज्याला कळतो त्याला स्वतःच्याच बोटानं कळतो!

एकदा आपली टीम सतरा गुणांनी मागे होती. ("आपली" म्हणजे ती. मीसुद्धा आता असंच म्हणते, इलाज नाही.) रफीकभाईंनी डोकं धरलं, शरद येरझाऱ्या घालत होता, आणि गजूभाऊ शांतपणे पोह्यावर लिंबू पिळत होते.

तायडे सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गजू, तुले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"सतरानं मागं हाये अन् तू लिंबू पिळून राहिला. तुले माहीत हाये आपण जिंकून राहिलो ते!"

गजूभाऊ कबूल झाले. "राहवलं नाई ना बाप्पा. मुर्तिजापूरले गाडी थांबली होती, बसल्या बसल्या पाह्यलं."

झालं! निकाल फुटला म्हणून बाकी तिघांचीही सकाळ वाया. गजूभाऊंची बशीसकट व्हरांड्यात रवानगी झाली. शरद त्यांना ओरडून म्हणाला, "आमचं सोवळं मोडलं तू!"

त्यावर तायडे सर सोफ्यावर ऐसपैस मागे रेलले. "शरद, आमच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा असं झालं. तायडे आत अन् देशमुख बाहेर!"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते गजूभाऊ देशमुख. व्हरांड्यातून!

*

मॅचमध्ये टाइमआउट झाला की आमच्याकडेही टाइमआउट. तिकडचा कोच फळ्यावर डाव आखतो, तायडे सर माझ्या टीपॉयवर मांडतात. मिठाची बरणी म्हणजे गार्ड. मसाल्याच्या डब्यातल्या दोन वाट्या दोन्ही कडांना. चमचा म्हणजे समोरच्यांचा उंच खेळाडू. आणि दाण्याच्या कुटाचं भांडं मधोमध, बास्केटखाली. तो पिव्होट.

एका चतुर्थीला मी साबुदाणा फोडणीला टाकला आणि कूट घ्यायला हॉलमध्ये आले.

"वैनी, पिव्होट नेऊ नका!" तिघं एकदम ओरडले.

"मग खिचडीत काय घालू, गार्ड?"

मी पिव्होट उचलला, खिचडीत घातला. खिचडी तिघांनी दोन-दोनदा घेतली. आपली टीम दोन गुणांनी हरली, आणि पुढचा महिनाभर या घरात पराभवाचं एकच कारण सांगितलं जात होतं.

"बास्केटखाली कोणी होतं कुठे? वैनीनं परतून टाकला."

*

त्या क्लबची एक रीत आहे. मेंबरांना क्रमांक असतात आणि दर पाच वर्षांनी ते नव्यानं लावतात. एक दिवस शरद पेढे घेऊनच घरी आला. त्याचा क्रमांक एकदम तीनशेनं वर गेला होता!

तिघांना पेढे वाटले. तायडे सरांनी दोन घेतले. मी विचारलं, "वर गेला म्हणजे काय केलंस तू?"

"काही नाही. मेंबर जुना होतो तसा वर सरकतो."

"पण पुढचे तीनशे कुठे गेले?"

शरदनं कागद पुन्हा वाचला. भाषांतर करून वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला.

गजूभाऊंनी हातातला अर्धा पेढा न्याहाळला. "म्हणजे हे... मयतीचे पेढे हायेत काय, राजेहो?"

तायडे सरांच्या तोंडात आख्खा पेढा होता. गिळावा तर कसा, थुंकावा तर कसा. तसाच गालात धरून ते पाच मिनिटं बसले. शेवटी रफीकभाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "गिळून टाका सर. ते लोक कुठे पाहून राहिले!"

*

तायडे सर रिटायर व्हायच्या वर्षी त्यांनी हिवरखेडच्या आपल्या शाळेतल्या मुलींची टीम उभी केली. मुलींना जर्सी आपल्या टीमसारखी हवी असा त्यांचा हट्ट. शरदकडची क्लबची मूळ जर्सी तेल्हाऱ्याच्या शिंप्याकडे दिली. शिंपी प्रामाणिक माणूस. रंग, पट्टे, पाठीवरची अक्षरं, सगळं त्यानं जसंच्या तसं उतरवलं. बारा जर्सी तयार.

तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी शरदला शंका आली म्हणून त्यानं पाठीवरच्या मजकुराचा अर्थ शोधला. ती प्रायोजक कंपनीची जाहिरात होती. कंपनीचा धंदा काय, तर अंत्यविधीचा विमा! माणूस गेला की पेटीपासून फुलांपर्यंत सगळं कंपनी बघते.

शरदनं फोन लावला. तायडे सर म्हणाले, "आता काय करू? उद्या सकाळी मॅच हाये. पोरींनी जर्सी अंगातून काढल्या नाहीत, घालूनच झोपल्या त्या!"

स्पर्धेत पाहुण्या बाईंनी कौतुकानं एका मुलीला वळवून उभं केलं. "सर, हे मागे काय लिहिलंय?"

तायडे सरांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "'शेवटपर्यंत सोबत', ताई."

बाईंनी भाषणात त्याच वाक्यावर दहा मिनिटं मार्गदर्शन केलं. मुली फायनल जिंकल्या.

*

शरद गेला त्यानंतर तेरवी झाली, माणसं पांगली. महिना उलटून गेल्यावर एका रविवारी सकाळी मी केर काढत होते. फाटकाबाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. बेल वाजली नाही. अर्ध्या तासानं मी पडदा सारून पाहिलं तर तिघं कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं बसले होते. गजूभाऊंच्या मांडीवर पिशवी होती.

मला संताप आला. खरंच आला. घरात कोणी नको होतं. मी हाकलायलाच दार उघडलं.

"काय आहे?"

तायडे सर उभे राहिले. रफीकभाई गुडघा चोळत राहिले. शेवटी गजूभाऊ म्हणाले, "वैनी, पाच मॅची साचल्या."

"मग?"

"कोणीच स्कोअर पाह्यला नाई. आईची आण. एकानंबी नाई."

मी आत जाऊन कणकेचा डबा आणला.

त्या दिवशी त्यांनी पाचच्या पाच मॅची पाहिल्या. पाचही हरलो होतो! गजूभाऊंच्या पिशवीत संत्री होती. ती सोलून सगळी सालं त्यांनी माझ्या तुळशीत टाकली. सोमवारी मी ती एक एक करून वेचली आणि तिघांना मनातल्या मनात जे काही बोलायचं ते बोलून घेतलं.

*

तर तो मेल. जानेवारीत मी त्यांना वाचून दाखवला आणि म्हटलं, "आज रात्री उत्तर देऊन टाकते."

"घाई काहून करून राहिल्या?" तायडे सर. "एप्रिलले लय टाइम हाये."

फेब्रुवारीत रफीकभाईंनी मला एकटीला गाठून सांगितलं, "भाभी, हे लोक तर इतके दूर हायेत. त्यांना सांगायची जरूरतच काय? इथे सगळ्यांना सांगून झालं. एका जागी तरी राहू द्या ना भाऊला जिता."

मार्चच्या पहिल्या रविवारी गजूभाऊ म्हणाले, "मी शरदच्या नावानं 'हयात' लिहून देतो. कोण पाहाले येते तिकडून?"

"खोटं लिहायचं?"

"खोटं कायचं? आपण इथं दर रविवारी त्याच्याच नावानं बसून राहिलो का नाई?"

मी चिडले. दीड वर्ष मी एकेका खिडकीशी उभं राहून "मयत" हा शब्द स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, आणि ही तीन धट्टीकट्टी माणसं एक मेल लिहू देत नव्हती. जणू बटण मी दाबलं म्हणजे तो जाणार होता!

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी टीव्ही लावलाच नाही. पोहेही केले नाहीत. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले.

तायडे सर हळूच म्हणाले, "वैनी, नाव राहिलं तं कोणाचं काय जाते?"

"मागच्याचं जातं," मी म्हटलं. "शरदच्या मागे जो कोणी आहे ना तिकडे, तो अडकून पडलाय. तो पाच वर्षं वाट बघतोय वर सरकायची. तोही घरी जाऊन सांगणार असेल कोणाला तरी."



मग गजूभाऊ उठले, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "लिहा," ते म्हणाले. "पण खेळाडू होता म्हणून लिहा. नुसतं मेंबर नोका लिहू."

मी तसं लिहिलं. तीन ओळी झाल्या.

*

मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं!

सीझनमधल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचआधी, त्या वर्षात कळलेल्या दिवंगत मेंबरांची नावं तिथे वाचतात आणि सगळं स्टेडियम मिनिटभर उभं राहतं. तर आपल्या पतीच्या नावाचा उच्चार कसा करायचा, ते कृपया रेकॉर्ड करून पाठवा.

शरद नागोराव ढोके. मीच बोलून पाठवणार होते. पण तिघं ऐकतात कुठे! प्रत्येकाला आपलाच आवाज पाठवायचा होता.

तायडे सरांनी शाळेची हजेरी घेतल्यासारखं म्हटलं आणि शेवटी सवयीनं "हजर?" असं विचारलं. बाद! रफीकभाईंनी फार सुंदर म्हटलं, पण आधी "मरहूम" लावलं. मी म्हटलं, तिकडे ते नावाचाच भाग समजतील. बाद! मी म्हणायला लागले तर "नागोराव"पर्यंत नीट गेले, पुढे जमलं नाही. पाणी पिऊन पुन्हा केलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग भंगारवाला आला. मग गजूभाऊ शिंकले.

"हटा," गजूभाऊ म्हणाले. फोन तोंडासमोर धरला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला पास मागावा तशी हाक मारली, "शरद नागोराव ढोकेऽऽ!"

शेजारच्या काकू गच्चीवर आल्या.

"अहो, नाव सांगायचंय, बोलवायचं नाही!" मी म्हटलं. पण तेवढ्यात त्यांनी ते पाठवूनही दिलं होतं.

*

तो रविवार आला. तिघं साडेआठलाच हजर. रफीकभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मोबाइल डब्यात गेले. मी पोह्याच्या बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले तोवर तिकडचे दिवे मंद झाले होते. दोन्ही टीम मधल्या वर्तुळाभोवती उभ्या राहिल्या, मग सगळं स्टेडियम उभं राहिलं. हॉलमध्ये हे तिघंही.

निवेदक कागदावरून नावं वाचायला लागला. सगळी तिकडची, लांबच लांब. सहावं नाव त्यानं घेतलं,

"शरद नागोराव ढोकेऽऽ!"

ढ अगदी ढ. आणि शेवटचा हेल हुबेहूब गजूभाऊंचा! त्या माणसानं नक्कीच घरी बसून तालीम केली असणार. एका अनोळखी गावात, हजारो माणसांसमोर, तो अकोल्याच्या सुरात माझ्या नवऱ्याला हाक मारत होता.

मग मिनिटभर काही नाही. टाळ्या झाल्या, दिवे लागले, रेफरीनं चेंडू वर उडवला.

"थांबवा, थांबवा," तायडे सर म्हणाले. "मागं घ्या जरा."

मागं घेतलं. पुन्हा नावं. पुन्हा तिघं उभे, पुन्हा ते मिनिट.

"फिर एक बार," रफीकभाई म्हणाले. गुडघा धरून ते तिसऱ्यांदा उठले.

"पोहे गार होताहेत," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

चौथ्यांदा गजूभाऊंनी लावलं. न विचारता. चौथं मिनिट संपल्यावर चेंडू उडाला, आपल्याकडे आला. तायडे सरांनी नाक पुसलं आणि खाली बसले. "झालं आता. मॅच पाहू द्या राजेहो," ते म्हणाले. रफीकभाई बसले. गजूभाऊ बसले, बशी पुढे ओढली.

मी टीपॉयवरचा रिमोट उचलला, पुन्हा मागं घेतलं.

"उठा," मी म्हटलं.